धुराची सुट्टी

मुंगी वजनकाट्यावर चढायला तयार नव्हती.

मुंगी हे तिचं घरचं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्सने कापडात गुंडाळून आणली तर आजीला वाटलं, नुसतं कापडच दाखवायला आणलंय. "अगं बाई, ही तर मुंगी!" आजी म्हणाली, आणि तेच नाव चिकटलं. आता मुंगी नऊ वर्षांची आहे. घरचं नाव शाळेपर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, पण पोचलं. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "आपले पाय सांभाळा रे, मुंगी येतेय, चिरडून टाकेल!" शाळेत तपासणी झाली, तपासणीवाल्यांनी दवाखान्यात पाठवलं, म्हणून आज मुंगी, तिची आई आणि तिची आजी अशा तिघी या खोलीत होत्या.

"चढ बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चपला काढू?"

"काढ."

"दप्तर?"

"दप्तर तर काढच."

मुंगीने दप्तर काढलं. केसांचा पट्टा काढला. मग खिशात हात घालून खोडरबर काढलं आणि ते टेबलावर ठेवलं. मग काट्यावर चढली, आणि काटा कुठे गेला ते दिसू नये म्हणून छताकडे बघत राहिली.

"हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात," आजी डॉक्टरीणबाईंना सांगू लागली. "आमच्या मुंगीने साखर खाल्ली आणि हत्ती व्हायला निघाली."

"आजी, जरा थांबता का?"

"थांबते की. मी कुठे काय बोलले?"

मुंगीची आई सकाळच्या पाळीवरून तशीच इकडे आली होती, आणि या खोलीत तिला खुर्ची मिळाली होती. पाठ असलेली खुर्ची. ती मिळाल्यापासून तिचं निम्मं लक्ष खुर्चीतच होतं.

डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत गेल्या. काय खाते, किती झोपते, खेळते का. उत्तरं सगळी आजीने दिली. जन्मताना वजन किती होतं, तर आजीने दोन तळहात जोडून दाखवलं. मग डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या.

"ही पोटात असताना तुम्ही सिगारेट वगैरे ओढायचात?"

"अहो काहीतरीच काय!" आजी हसली. "आमच्या घरात?"

"हो," मुंगीची आई म्हणाली.

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो तिच्याकडे नव्हता.

आजीचं हसू तोंडावरच राहिलं, कुणी उचलायचं विसरून गेल्यासारखं.

*

ती फक्त "हो" म्हणाली. बाकीचं घशात राहिलं, आणि ते असं होतं:

की बाई, आमच्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या आणि लॉजच्या चादरी येतात, धुऊन झाल्या की तापलेल्या रोलरमधून जातात आणि पलीकडे बाहेर पडतात, तिथे आम्ही दोघी-दोघी उभ्या असतो, कारण चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, दोन कोपरे तिचे, दोन माझे, आणि रोलर थांबत नाही म्हणून आम्हीही थांबत नाही; की कारखान्यात कापडाची लव उडते, कोनाकोपऱ्यात साठते, आणि फार पूर्वी कुणीतरी आतच सिगारेट ओढली तर त्या लवेने पेट घेतला, तेव्हापासून मालकाचा नियम आहे, ज्यांना ओढायची त्यांनी मागच्या जिन्यावर जायचं, म्हणजे बाई, जी ओढते तिला बाहेर जायला मिळतं, बसायला मिळतं, आणि जी ओढत नाही तिचं बाहेर काय काम; की आम्ही तिला धुराची सुट्टी म्हणतो, दुसरी सुट्टी जेवणाची, ती सुद्धा उभ्या उभ्या; की मुंगी पोटात होती, पाय असे सुजायचे की घरी जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या, मुकादमाला म्हटलं जरा बसू का, तर म्हणाला, तू कुठे ओढतेस; की माझी जोडीदारीण म्हणाली, वेडे, नुसती हातात धर ना, कोण बघतंय, आणि मी धरली, न पेटवता, जिन्यावर बसले, आणि बाई, ते बसणं काय होतं म्हणून सांगू; की मग एकदा मुकादम जिन्यावर आला आणि म्हणाला, ही काय नाटकं, पेटव बघू;

की मी पेटवली.

*

"आणि आता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांची नजर तिच्या पोटाकडे गेली होती.

"आता चौथा महिना."

"मी सिगारेटचं विचारतेय."

"ती पण आहे."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि नाकाचा शेंडा चोळला. बाहेर बाकावर अजून बरीच माणसं होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्याही दमलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं: पोटात असताना धूर पोचला की मूल लहान निपजतं. लहान निपजलेलं मूल मग भरभर भरतं, आणि अशा मुलांमध्ये पुढे वजनाचा त्रास जास्त दिसतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. एवढं एकच कारण असतं असंही नाही. खाणं आहे, झोप आहे, खेळ आहे, घराण्यातली हाडं आहेत. "पण मुलीला उठसूट बोलणं बंद करा," त्या म्हणाल्या, "आणि या बाळाच्या वेळी तरी ओढू नका. दुसऱ्यांच्या धुरात बसलात तरी तेच. कळलं?"

"हो."

"जमेल?"

ती खुर्चीवरून उठली.

मुंगीने खोडरबर परत खिशात घातलं.

*

सासूबाई, म्हणजे मुंगीची आजी, वाटभर गप्प होत्या. सासूबाई गप्प म्हणजे पातेलं झाकण ठेवून उकळतंय असं समजावं. घरी पोचल्यावर झाकण उडालं.

"आणि मी इतकी वर्षं म्हणतेय, हिच्या कपड्यांना कसला वास येतो, कसला वास येतो, तर म्हणे कारखान्याचा!"

"कारखान्याचाच आहे तो, आई," सून म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

मुंगीचा बाप पंखे दुरुस्त करायचा. घरातही एक पंखा पोट फाडून जमिनीवर पडलेला होता, आणि तो त्याच्यापाशी बसून सगळं ऐकत होता. त्याला सिगारेटचं ठाऊक होतं. नवऱ्याला ठाऊक असतंच, बोलायचं नसतं एवढंच.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "सोड म्हणावं आता. त्यात काय एवढं."

"सोडली की बसायचं कुठे?"

"बसायचं? घरी येऊन बस की."

"घरी आल्यावर मला कधी बसलेलं पाहिलंयस?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. मग पुन्हा पंख्याकडे वळला.

बोलणं कुठल्या कुठे गेलं. सासूबाई म्हणाल्या, सूनबाईने धूर पाजला. मग म्हणाल्या, शाळेत धावायला मैदान नाही. मग बराच वेळ भांडी आपटून झाल्यावर, कुणी न विचारता, म्हणाल्या, "चारलं तर मीच ना. लहान आहे, लहान आहे म्हणून. दूध झालं की अंडं, अंडं झालं की लोणी. नको म्हणायची तर नाक धरून भरवायची मी. एक घास माझ्यासाठी, एक घास बाबासाठी, एक कावळ्यासाठी. त्या मेल्या कावळ्याचे घास सुद्धा हिच्याच पोटात गेले."

कुणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखं होतं.

बिस्किटांचा डबा गेल्या वर्षापासून कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. तेव्हापासून मुंगी सगळ्यांबरोबर जेवायची नाही. "भूक नाही" म्हणून उठायची आणि मागाहून उभ्या उभ्या, दाराआड, हाताला लागेल ते भराभर खायची. आईला हे माहीत होतं. आई त्या वेळी दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढायची, म्हणजे पोरीला निदान नीट चावता तरी यावं.

त्या दिवशीही मुंगी उठली. पण दाराआड गेली नाही. आई भांडी विसळत होती तिथे येऊन उभी राहिली.

"आई, म्हणजे मी बिस्किटं खाल्ली म्हणून नाही झालं?"

"बिस्किटं पण आहेतच."

"पण नुसती बिस्किटं नाहीत."

"नाही. नुसती तू नाहीस."

मुंगीने विचार केला. ती रडेल, रागावेल, असं आईला वाटलं होतं. तयारीही ठेवली होती तिने, हात पुसून. पण मुंगीच्या चेहऱ्यावर भलतंच काही आलं. फार वजनाचं सामान कुणीतरी एका बाजूने धरल्यावर येतं तसं.

"मग आजीला सांग ना," ती म्हणाली. "कुलूप काढ म्हणावं. मी रोज नाही खाणार. पण कुलूप नको."

"सांगते."

"आणि हे?" मुंगीने ओल्या पदराखालच्या पोटाकडे बोट केलं. "हे पण एवढंसंच येणार?"

नळ चालू होता. आईने तो बंद केला, कारण उत्तर देताना आवाज नको होता.

"नाही येणार," ती म्हणाली.

"नक्की?"

"अगं, झोपायला जा."

*

दुसऱ्या दिवशी रोलरपाशी. जोडीदारणीला कारखान्यात सगळे लवंगी म्हणत. उंचीने लहान आणि जिभेने तिखट. चादर बाहेर पडते, दोघी दोन-दोन कोपरे पकडतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, कोपरे जुळवतात, पुन्हा मागे जातात. त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी तुकड्यातुकड्यांत असतं. जवळ आल्या की बोलायचं, लांब गेल्या की थांबायचं.

"काय म्हणाली मग डॉक्टरीण?"

झटक.

"सिगारेट सोड म्हणाली."

मागे.

"सगळेच म्हणतात. माझा दादला पण म्हणतो, तोंडात विडी धरून."

कोपरा.

"मुंगीचं वजन त्यामुळे असेल म्हणाली."

मागे. या खेपेला लवंगी जरा जास्तच मागे गेली.

घडी.

"माझ्यामुळे," लवंगी जवळ येऊन म्हणाली. "नुसती धर हातात, मीच म्हटलं होतं."

"तू धर म्हटलंस. पेटव कुठे म्हटलंस?"

झटक.

"तरी पण."

कोपरा. घडी. गठ्ठ्यावर.

पुढची चादर.

"मी आजपासून जिन्यावर येणार नाही," ती म्हणाली.

लवंगी थबकली. चादर दोघींच्या मध्ये पाळण्यासारखी झोळ खाऊन लोंबली.

"मग माझं काय? तू नाही गेलीस तर मी एकटी कशी जाणार? जोडी सुटते तेव्हा दोघी सुटतात, तेवढ्यापुरत्या रोलरात चादरी घालणं थांबवतात. चादर मी काय दातात धरू?"

"माहितेय."

"माहितेय म्हणे! माझे गुडघे बघ. मला काय धुराची हौस आहे? मी पण बसायलाच जाते गं बाई. इथल्या निम्म्या बाया बसायलाच ओढतात."

"मग आपण बसायचंच मागू."

"माग. मागायला काय जातंय. मुकादम पाट मांडून ठेवेल."

*

मुकादम वाईट माणूस नव्हता. म्हणजे वाईट म्हणावा इतका वेळ त्याच्याकडे नव्हता. मालक त्याच्या कानाशी आणि गाडीवाला दाराशी, या दोघांच्या मध्ये तो दिवसभर लोंबत असायचा.

"बसायला?" तो म्हणाला. "कशासाठी?"

"बसायसाठीच. थोडा वेळ. ओढणाऱ्या जातात तेवढाच."

"ओढणाऱ्या आग लागू नये म्हणून बाहेर जातात. तू बसली नाहीस तर काय आग लागणार आहे?"

"पोटात मूल आहे, मुकादम."

"आधी पण होतं की. आधी बरी जात होतीस जिन्यावर. आता पण जा. मी अडवलंय का?"

"तिथे धूर असतो."

"मग नाक धर!" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचंही त्याला जमलं नाही, कारण दाराशी गाडीचा भोंगा वाजला. इस्पितळाच्या चादरी घ्यायला गाडी आली होती.

ती परत आपल्या जागी आली. लवंगीने नुसत्या भुवया उडवल्या. तीनचार चादरी झाल्या. पायांत आता ते सुरू झालं होतं, घोट्यापासून वर, आतून कुणी दोरी पिळल्यासारखं. जिन्याचं दार इथून दिसायचं. ते उघडं होतं, आणि त्यातून वारा येत होता, आणि वाऱ्याबरोबर वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हेही खरंच होतं: आता तिला नुसतं बसायचं नव्हतं, ओढायचीही होती. इतक्या वर्षांत दोन्ही गोष्टींची एक गाठ बसली होती, आणि कुठला धागा कुठला ते तिचं तिला कळत नव्हतं. जिन्यावर गेली तर ती नुसती बसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नक्की?" मुंगीने विचारलं होतं.

चादर आली. तिने दोन कोपरे पकडले. झटकली. लवंगीकडे चालत गेली, कोपरे जुळवले, मागे आली.

पुढची चादर आली तेव्हा तिने कोपरे पकडले नाहीत.

भिंतीशी एक रिकामा क्रेट पडला होता. तिने तो पायाने ओढला, पालथा केला आणि त्यावर बसली. तिथेच, रोलरच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत. ठरवून केलं असं नाही. ठरवायला उभं राहावं लागलं असतं.

"अगं ए," लवंगी म्हणाली. तिच्या हातात दोन कोपरे होते आणि उरलेली चादर जमिनीवर. मागून दुसरी आली, तिच्यावर पडली. मग तिसरी. गरम, ओलसर वाफ सोडत एकावर एक.

मुकादम धावत आला.

"ऊठ."

ती उठली नाही.

"ऊठ म्हणतो ना! गाडी उभी आहे दाराशी!"

"थोडं बसते आणि उठते."

"काढून टाकीन."

"टाका. पण तोवर बसते."

तिने हे जोरात म्हटलं नाही. जोरात म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात मुकादम पटाईत होता. हे त्याला कुठून धरावं तेच समजेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या रोलरांपाशी जोड्या उभ्या होत्या, सगळ्यांच्या हातात कोपरे होते, आणि कुणी एकीने सोडले असते तर तिथेही असाच ढीग झाला असता. बाया बघत होत्या आणि घड्या घालत होत्या. कुणी आली नाही. कुणाला येताही आलं नसतं.

दाराशी भोंगा पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

मुकादमाने एक सणसणीत शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही, आणि खाली वाकून चादरीचे दोन कोपरे उचलले.

"झटका," लवंगी म्हणाली.

त्याने झटकली. चादर त्याच्याच तोंडावर आली.

"मुकादम, कोपऱ्याला कोपरा. चादर आहे ती, पोतं नाही."

पलीकडच्या रोलरवर कुणीतरी खुदकन हसलं. मुकादमाचे कान लाल झाले. पण हात सोडता येत नव्हता, मागून चादरी येतच होत्या. तो पुढे आला, मागे गेला, पुढे आला. त्याची पावलं लवंगीच्या पावलांशी जुळत नव्हती, घडी वाकडी येत होती, आणि लवंगी ती प्रत्येक वेळी मोडून पुन्हा घालायला लावत होती. इस्पितळाची आहे, म्हणत होती, वाकडी गेली तर परत येते.

"उद्या हे चालणार नाही," तो चादरीच्या पलीकडून ओरडला.

"बरं," मुंगीची आई म्हणाली.

उद्या खरंच चालणार नव्हतं. उद्या पुन्हा मागावं लागेल, पुन्हा क्रेट ओढावा लागेल, कदाचित दारातूनच परत पाठवतील. परवा पुन्हा. बाळ येईपर्यंत रोज हेच, आणि रोज तो वास त्या दारातून येणार. एवढं सगळं एकदम मनात आलं तेव्हा तिला रडूही आलं नाही, नुसती झोप आली.

"आणि माझ्या बसण्याचं काय गं, भवाने?" लवंगी घडी घालता घालता म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"मी उठले की तू बस."

"आणि माझे कोपरे कोण धरणार?"

दोघींनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने काही ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पुढच्या चादरीसाठी हात पसरले.

तिने चपला काढल्या. पट्ट्यांच्या खुणा घोट्यांत खोल रुतल्या होत्या. तिने पाय लांब केले, आणि लादीचा गारवा टाचांना लागला तेव्हा डोळे मिटून घेतले.